साहेबानं न लिहिलेलं उत्तर

आमच्या चर्चचा मोठा वर्धापनदिन तोंडावर आला होता आणि त्यानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं होतं. चर्चच्या पंचांचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी माझ्या हातात एक जाड फाइल ठेवली.

"बाई, हे काम तुमचंच. इंग्रजी तुमच्याइतकं आपल्यात कुणाला येतंय? मराठीत उतरवा. फक्त जरा गोड उतरवा."

मी जन्मभर कोल्हापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. गोड उतरवा म्हणजे काय, हे मला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. फाइल पिशवीत घातली आणि घरी आले.

फाइलीत जुन्या पत्रांच्या झेरॉक्स होत्या. आमच्या भागात पहिल्यांदा आलेल्या परदेशी मिशनऱ्यानं आपल्या देशातल्या मुख्य कचेरीला लिहिलेली पत्रं. त्याच्या पणतीनं ती तिकडच्या एका ग्रंथालयातून मिळवून पाठवली होती आणि वर्धापनदिनाला ती स्वतः पाहुणी म्हणून येणार होती. आमच्याकडे या मिशनऱ्याला आजही नुसतं 'साहेब' म्हणतात. चर्चच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे. दाढी, काळा कोट, मांडीवर पुस्तक. लहानपणी मी उपदेश ऐकायचं सोडून त्या फोटोतल्या बुटांची बटणं मोजत बसायची.

जेवणाच्या टेबलावर मी रोज सकाळी दोन-तीन पत्रं उतरवत होते. पाऊस, ताप, शाळेचं छप्पर, घोड्याचं दुखणं. साहेबाचं इंग्रजी लांबलचक होतं, पण माणूस कामाचा होता हे कळत होतं. मग एका सकाळी एक वेगळं पत्र आलं. त्यात तो बायकांच्या बांगड्यांबद्दल लिहीत होता. बाप्तिस्मा घेतलेल्या बायका अजून कुंकू लावतात, हिरव्या बांगड्या घालतात. ही मूर्तिपूजेची निशाणी आहे, ती मोडली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं नदीकाठच्या एका गावात सभा घेतली. पुढच्या ओळी मी तीनदा वाचल्या. 'सर्व स्त्रियांनी आज्ञा पाळली. हलगी वाजवणाऱ्याच्या बायकोनं मात्र नकार दिला आणि इतकं उद्धट उत्तर दिलं, की ते मी या पत्रात लिहू इच्छित नाही. तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात आलं आहे.' म्हणजे उपासनेत सगळ्यांना मिळणारी भाकर आणि द्राक्षारस तिला बंद.

मी चष्मा काढून ठेवला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "माझी पणजी सापडली."

गावाचं नाव पत्रात होतं. कुरुंदवाडजवळचं, माझ्या आईचं माहेर. त्या गावात हलगी वाजवणारं आणि बाप्तिस्मा घेतलेलं घर एकच होतं, आमचं. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. लग्नाला, मयताला, जत्रेला हलगी वाजवायला त्यांना बोलावणं यायचं आणि वाजवून झालं की लांबूनच भाकरी टाकली जायची. साहेबानं सांगितल्यावर त्यांनी हलगी सोडली, एवढं मला ठाऊक होतं. पणजीनं काही सोडायचं नाकारलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच फाइलीत साहेबाबरोबर काम करणाऱ्या एका परदेशी मॅडमची दोन पत्रं होती. ही मॅडम बिनलग्नाची होती, बायकांना लिहा-वाचायला शिकवायची. तिनं कचेरीला सरळ लिहिलं होतं, की साहेबांचं चुकतंय. बांगड्या इथे लग्नाची खूण आहे, देवाची नाही. आपल्या देशात कुणी लग्नाची अंगठी काढायला सांगितली तर आपण काढू का? कचेरीनं दोघांनाही गुळमुळीत उत्तर पाठवलं होतं. आपापल्या सद्‌सद्विवेकानं ठरवा म्हणून. हलगीवाल्याच्या बायकोनं काय उत्तर दिलं, ते मॅडमच्या पत्रातही नव्हतं.

ते उत्तर मला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी मावशीकडे गेले.

मावशी, आईची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली. अजून त्याच गावात, पण वरच्या अंगाला, नव्या घरात राहते. जुनं घर महापुरात गेलं आणि त्याच्याबरोबर पत्र्याची ट्रंक गेली, तिच्यात होते-नव्हते ते सगळे कागद गेले. मी गेले तेव्हा ती दारात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. मी पत्राची गोष्ट सांगितली. तिला नवल वाटलंच नाही.

"आव्वानं काय उत्तर दिलं ते लिवलं न्हाय व्हय त्यानं?" ती म्हणाली. पणजीला आमच्याकडे सगळे आव्वाच म्हणत. "कसं लिवंल? लाज वाटली असंल."

"तुला माहिती आहे?"

"मला न्हाय म्हाईत तर कुणाला? माझ्या आयनं धा येळा सांगिटलंय. आव्वानं तिच्या सुनंला सांगिटलं, सुनंनं मला. घे, शेंगा खा."

"मावशे, आधी सांग."

तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. "शाळंच्या सोप्यात सभा हुती. साहेब खुर्चीवर. गडी एकीकडं, बायका एकीकडं. साहेब म्हणाला, बांगड्या काढा. बायकांनी एकीनं काढल्या, दुसरीनं काढल्या. आव्वा उठून हुबी ऱ्हायली. म्हणाली, 'अरं बाबा, माझा दाल्ला तुझ्या म्होरं जित्ता बसलाय. बांगड्या मी कुणाच्या मरणाच्या काढू?'"

मी वही काढली होती. लिहिता लिहिता हात थांबला. "साहेबाला 'अरं बाबा' म्हणाली?"

"मग? आणि तू तिथं 'अहो साहेब' लिवू नगंस. मला म्हाईत हाय तू बाई हायस शाळंची. जसं म्हणाली तसंच लिव."

तसंच लिहिलं. मग मावशीनं पुढचं सांगितलं. पणजोबा खाली मान घालून बसले होते. साहेब लाल झाला. एक पावसाळा आणि एक हिवाळा आव्वाला प्रभुभोजनाची भाकर मिळाली नाही. ती दर रविवारी चर्चला यायची, मागं दाराशी बसायची, दोन्ही हात मांडीवर, बांगड्या वर. भाकरीचं ताट तिच्या पुढून जायचं. ती उठून जायची नाही आणि रडायचीही नाही. शेवटी मॅडमनंच एका रविवारी ताट तिच्यापुढं धरलं. साहेबानं अडवलं नाही. त्यानंतर त्या गावात बांगड्यांचा विषय निघाला नाही.

मला कितीतरी वर्षं एक प्रश्न खात होता, तो मी तेव्हा विचारला. शाळेत, शेजारी, एकदा तर दवाखान्याच्या रांगेत, लोकांनी मला तो विचारलेला होता. "मावशे, लोक विचारतात, धर्म बदलायला तुमच्या पणज्याला किती तांदूळ मिळाले? खरंच काही मिळालं होतं का गं?"

मावशी इतकी जोरात हसली की शेजारीण डोकावली. "तांदूळ? आमच्या गावात तांदूळ खात हुतं कोण? पाटी मिळाली. आव्वाला पाटी आन् पेन्सिल. दोन पोरांची आय झाल्यावर ती अक्षरं शिकली, मॅडमकडं बसून. आन् त्याचीबी एक गोष्ट हाय."

गावातल्या कितीतरी घरांतली माणसं पलटणीत होती. त्यांची पत्रं यायची आणि वाचणारं माणूस गावात धड नव्हतं. ज्यांच्या दारात आव्वाची सावली चालत नव्हती, त्या घरच्या बायका पत्र घेऊन आमच्या वस्तीच्या कडेला यायच्या आणि लांबूनच जमिनीवर टाकायच्या. उचल आणि वाच. आव्वा पत्राकडे बघायची, उचलायची नाही.

"म्हणायची, हातात द्या. हातात दिलं तर वाचीन." मावशीनं तळहात पुढं केला. "पैल्यांदा एक बाई तशीच माघारी गेली, शिव्या देत. चार दिसांनी परत आली. पोराचं पत्र हुतं की! कुठवर दम काढंल? दिलं हातात. मग सगळ्याच द्यायला लागल्या."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून वही उघडून पुन्हा वाचली. शिरोळ मागे पडेपर्यंत मी काय करायचं ते पक्कं केलं होतं. साहेबाचं पत्र जसंच्या तसं, मॅडमचं पत्र जसंच्या तसं, आणि खाली मावशीनं सांगितलेलं आव्वाचं उत्तर.

पंचांच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. चर्चच्या मागच्या खोलीत सात-आठ जण, आणि नवे तरुण पाळक, म्हणजे आमचे पास्टर. वाचून झाल्यावर मी वही मिटली. मग अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बाई, छान आहे. पण हे नको."

"का नको?"

"साहेबांच्या घरची माणसं एवढ्या लांबून येणार. त्यांच्यापुढं त्यांच्याच पणजोबांची बेअब्रू?"

"पत्र त्यांनीच पाठवलंय."

"त्यांनी सगळी वाचली नसतील. आणि दुसरं," ते जरा पुढं वाकले, "दिवस कसले आहेत बघताय की. आधीच कोण ना कोण दाराशी येऊन विचारतंय, इथं काय चालतं, कोण कोण येतं. हा कागद बाहेर गेला तर म्हणतील, बघा, यांचे स्वतःचेच कागद सांगतायत यांनी संस्कृती बुडवली म्हणून. तुम्ही पेन्शनीत आहात. मार आमच्या पोरांनी खायचा."

त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडच्या एका प्रार्थनेच्या घरापुढं जमाव आला होता आणि तेव्हा आत प्रार्थनेला अध्यक्षांचा भाचा होता, हे मला माहीत होतं. पण तरी मी म्हटलं, "भाऊ, लपवून आपला जीव वाचणार आहे का? माझी पणजी साहेबापुढं उभी राहिली आणि ख्रिस्ती राहिली. दोन्ही केलं तिनं. यातलं एक छापायचं आणि एक झाकायचं, असं मला जमणार नाही."

मतं घेतली. दोन हात माझ्या बाजूनं वर आले. पाळकांना मत नसतं, ते टेबलाकडे बघत बसले.

मी चिडले होते आणि चिडलेलं माणूस चुका करतं. त्याच आठवड्यात मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला भेटले. आमच्याच शाळेत इतिहासाचे सर होते. वीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये डबा खाल्ला. त्यांच्या घरचा झुणका आणि माझ्या घरचं सुकट यांची अदलाबदल ठरलेली. मी त्यांना सगळं सांगितलं. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "बाई, त्या पत्राची एक झेरॉक्स द्याल? माझ्या अभ्यासासाठी." मी दिली.

पंधरा दिवसांनी एका वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद होता. विषय, 'मिशनरी कार्य: सेवा की सांस्कृतिक आक्रमण?' वक्त्यांत सरांचं नाव बघून मी गेले. मधल्या रांगेत बसले. पहिल्या वक्त्यानं दवाखाने आणि शाळा मोजल्या. दुसऱ्यानं दुष्काळातली धर्मांतरं काढली. मग सर उठले. त्यांनी खिशातून माझी झेरॉक्स काढली.

त्यांनी साहेबाचं पत्र वाचलं. चांगलं वाचलं, आवाज त्यांचा पहिल्यापासून भरदार. 'सर्व स्त्रियांनी आज्ञा पाळली' इथं ते थांबले आणि कागद घडी घालून खाली ठेवला. म्हणाले, "मित्रहो, आमच्या आया-बहिणींच्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या यांनी! आणि त्या बिचाऱ्यांनी काढल्या. याला सेवा म्हणायचं?"

टाळ्या पडल्या.  मी उभी राहिले.

"सर, पुढचं वाक्य वाचा."

सगळे वळून बघायला लागले. संयोजक म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ, मॅडम."

"प्रश्न नाही हा. पत्र माझं आहे, त्यातली बाई माझ्या घरातली आहे. सर, पुढचं वाक्य वाचा, नाहीतर मी वाचते."

सरांनी कागद उचलला नाही. तेव्हा मी वाचलं, पाठच होतं मला. हलगीवाल्याच्या बायकोनं नकार दिला, हे सांगितलं. तिचं उत्तर सांगितलं, 'अरं बाबा' सकट. सभागृहात हशा पिकला आणि पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा जोरात. मला त्या टाळ्याही नको होत्या. मी हात वर केला.

"थांबा. अजून संपलं नाही. सर म्हणाले, आमच्या आया-बहिणी. सर, ही बाई तेव्हा 'आमची' होती का? तुमच्या-माझ्या गावातल्या कुठल्या आडावर ती पाणी भरू शकत होती? पलटणीतून आलेलं पत्र तिच्यापुढं जमिनीवर टाकत होते. तिला वाचायला शिकवलं ते एका परक्या बाईनं, आणि हातात द्या म्हणायचं तिचं तिनं ठरवलं. साहेबानं बांगड्या काढ म्हटलं, नाही काढल्या. गावानं उचल म्हटलं, नाही उचललं. आज तिच्या बांगड्यांसाठी तुम्हाला वाईट वाटतंय. त्या बांगड्या वाचवायला तेव्हा तुमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. तिच्या तिनं वाचवल्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "किती मिळालं तुमच्या पणज्याला?"

"पाटी!" मी वळून म्हटलं. "पाटी आणि पेन्सिल. तिच्यावरच शिकलेल्या घरातली मी तुमच्या पोरांना इंग्रजी शिकवत होते. अजून काही विचारायचंय?"

 एक-दोघं उठून बाहेर गेले. मीही पिशवी उचलून जिन्याकडे निघाले.

जिन्यात सरांनी मला गाठलं. "बाई, तुम्ही मनाला लावून घेतलंत. मी तुमच्याविरुद्ध बोलत नव्हतो. तुम्ही आमच्याच आहात की."

"सर, मी कुणाची आहे हे मला दुसऱ्यानं सांगायचं नाही," मी म्हटलं. "आणि कागद अर्धा वाचायचा नाही. मुलांना तुम्हीच शिकवत होता हे."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतले नाहीत. झेरॉक्स मात्र परत मागून घेतली.

त्या सभेचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता आणि तो आमच्या मंडळीच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पोचला. अध्यक्षांचा फोन आला. "बाई, हे काय केलंत? आम्ही छापू नका म्हणालो, तर तुम्ही भर सभेत!"

मी सांगितलं, स्मरणिकेत तुम्हाला पाहिजे ते छापा, पण अनुवादक म्हणून माझं नाव घालू नका. त्यांनी घातलं नाही. स्मरणिका निघाली, गुळगुळीत कागदाची, साहेबाच्या घोड्याच्या दुखण्यासकट.

वर्धापनदिनाच्या उपासनेला चर्च भरलं होतं. साहेबाची पणती पुढच्या बाकावर बसली होती, सत्तरीची, पांढऱ्या केसांची, कुणीतरी दिलेली इरकल साडी कशीबशी सावरत. आमच्याकडे उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. बाप्तिस्मा घेतलेल्या कुणालाही त्या वेळी अडवता येत नाही. पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? मी उठले. अध्यक्षांनी डोळे मिटले, प्रार्थनेसाठी की कशासाठी कोण जाणे.

मी पुढं गेले आणि आव्वाची गोष्ट सांगितली. काही न गाळता, काही न वाढवता. साहेबानं तिला अक्षरांपर्यंत नेणारी शाळा काढली, हे सांगितलं. त्यानंच तिच्यापुढून भाकर फिरवली, हेही सांगितलं. ती साक्ष माझी नव्हती, तिची होती, आणि तिला ती देऊ दिली नव्हती, एवढं बोलून मी थांबले.

पणतीला मराठी येत नव्हतं. तिनं शेजारच्या माणसाचा हात धरून विचारलं, ही काय म्हणाली? तो माणूस अध्यक्षांकडे बघायला लागला. तेव्हा ते तरुण पाळक, बैठकीत टेबलाकडे बघत बसलेले, व्यासपीठावरून खाली आले आणि त्यांनी तिला एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. 'अरं बाबा'शी अडखळले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे कसं सांगू?" मी सांगितलं.

ती बाई वळून भिंतीवरच्या साहेबाच्या फोटोकडे बघायला लागली. मग म्हणाली, "आमच्या घरी सांगतात, ते कधीच कुणाचं ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना कुणी कधी काही म्हणालंच नसेल." तिनं माफी मागितली नाही, मलाही ती नको होती. तिनं आव्वाचं नाव विचारलं आणि स्मरणिकेच्या आतल्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

बाहेर मांडवात जेवणाच्या पंगती बसायला लागल्या होत्या. अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. पुढं कितीतरी महिने बोलले नाहीत, आणि पंचांच्या कुठल्या बैठकीचं मला बोलावणं आलं नाही. सर मात्र एकदा घरी येऊन गेले. पंचाईत झाल्यासारखे बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, की त्या भाषणाचा लेख त्यांनी पूर्ण पत्रासकट पुन्हा लिहिलाय. मी अजून तो वाचलेला नाही.

पण वर्धापनदिनाच्या त्या दुपारी मी चपला शोधत असताना एक अनोळखी बाई जवळ आली. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतून आलेली, हातात पिशवी.

"बाई, आमच्याबी आजीचं असंच कायतरी हाय," ती म्हणाली. "तिला म्हणं नाव बदल म्हणालेले. तिनं न्हाय बदललं. कुणी लिवून घेतलंच न्हाय. तुमी घेता काय?"

मी चर्चच्या पायरीवर बसले. तिला शेजारी बसवलं आणि पिशवीतून वही काढली. मांडवातून कुणीतरी हाक मारली, बाई, पान वाढलंय, थंड होतंय.

"होऊ दे," मी म्हटलं, आणि तिला म्हटलं, "हं, सांग. पहिल्यापासून सांग."